पायतपासणीचा तास

हिंडलग्याचा भावकू हवालदार पहिल्या महायुद्धातून परत आला तो दोन्ही पायांवर, आणि त्याचं श्रेय तो पलटणीतल्या एका तिरसट गोऱ्या कप्तानाला द्यायचा. ओल्या बुटांत पाय कुजतात म्हणून हा कप्तान रोज संध्याकाळी जवानांचे बूट उतरवून स्वतः एकेकाचा तळवा चाचपायचा. आपला गडी दुखणं सांगत नाही, पायाचं तर मुळीच नाही, हे त्या परक्या माणसानं ओळखलं होतं.

१९४२ साली बेळगावच्या छावणीत नव्या अफसरांचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा भावकूला उस्ताद म्हणून परत बोलावलं. त्याचा तास एकच, पायतपासणीचा. पहिल्याच तासाला खडेबाजारातल्या वकिलांचा मुलगा शरच्चंद्र, नवा अफसर, जमिनीवर बसला आणि त्यानं एका जवानाचा पाय मांडीवर घेतला. जवान खानापूरकडचा शेतकरी. साहेबानं पायाला हात लावला तर मला पाप लागंल, म्हणून तो रडकुंडीला आला. खरं सांगायचं तर भावकूलाही ते बघवलं नाही. मोठ्या घरचं लेकरू कुणब्याच्या पायाशी बसलेलं त्याला आतून खटकलं. ज्या रीतीनं स्वतःचे पाय वाचले, तिचीच या शहाण्या भावकूला लाज वाटली!

त्याच आठवड्यात हुकूम आला की सहा महिन्यांचं शिक्षण चार महिन्यांत उरका. कोणते तास ठेवायचे हे ठरवायला मेजरनं उस्तादांना एकेक करून बोलावलं. नकाशावाला, संगीनवाला, सगळे आपापल्या तासाला चिकटून बसले. घोडेस्वारीच्या म्हाताऱ्यानंही हट्ट सोडला नाही, आणि छावणीत धड चार घोडे उरले नव्हते. भावकूनं मात्र सांगितलं की माझा तास गाळला तरी चालेल, पाय काय तुकडीतला नाईकही बघतो, अफसरांनी पायाला हात लावणं बरं दिसत नाही. मेजरनं लगेच रेघ मारली. भावकू हलक्या मनानं घरी गेला.

त्याचा एकुलता एक मुलगा भरमा शरच्चंद्रच्याच तुकडीतून ब्रह्मदेशात गेला. दीड वर्षानं तो गेल्याची तार आली आणि नंतर चार महिन्यांनी, रजेवर आलेला शरच्चंद्र स्वतः घरी आला. भावकूची बायको रुक्माबाई उंबऱ्याच्या आत बसून ऐकत होती. वीस दिवस चिखलातून चाल होती, शरच्चंद्र सांगू लागला. नाईक पहिल्याच चकमकीत पडला. भरमा चकार शब्द न काढता चालत राहिला. शेवटी बूट कापून काढला, तेव्हा पाय काळा पडला होता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

"उस्ताद, तो तास बंद झाला तेव्हा मला वाटलं, त्यात काही विशेष नसणार. मी एकदाही त्याचे पाय बघितले नाहीत."

एवढं बोलून तो भावकूच्या पाया पडायला वाकला. भावकूनं पाय मागं ओढले.

"नगा साहेब. तो तास मीच काढाय लावला."

रुक्माबाई बाहेर आली. तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"तुमी सांगितलं?"

"व्हय."

ती शरच्चंद्रकडं वळली. "तू घरला जा, बाळा. तुझा काय दोष न्हाय."

त्यानंतर भावकू तीन वर्षं जगला. रुक्माबाईनं त्याला दोन्ही वेळा गरम भाकरी वाढली, आजारपणात त्याचं सगळं केलं. पण भरमाचं नाव तिनं त्याच्यासमोर पुन्हा कधी काढलं नाही.