मनगटाची सवय

माझे बाबा फौजेत जमादार होते, आणि संचलनात पलटणीचं निशाण त्यांच्या हाती असे. निवृत्तीनंतर ते धानोऱ्याला माझ्याकडे आले. मी तिथल्या शाळेत मास्तरीण होते. स्वस्थ बसणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. जुन्या लढायांत, धुरामध्ये आपली पलटण कुठे आहे ते शिपायाला निशाण बघूनच कळायचं, म्हणून शत्रू आधी निशाणवाल्यालाच टिपायचा, हे त्यांनी मला शंभरदा ऐकवलं असेल.

त्या सव्वीस जानेवारीला हेडमास्तरांनी प्रभातफेरीचा तिरंगा बाबांना दिला. फेरी मंडपापाशी आली, नागपूरचे बडे पाहुणे उठून उभे राहिले, आणि बाबांनी झेंड्याची काठी पुढे झुकवली. पलटणीचं निशाण मोठ्या मानकऱ्यापुढे असं झुकवतात. तिरंगा मात्र कुणापुढेच झुकवायचा नसतो. बाबांना ते पक्कं ठाऊक होतं, पण मनगटं जुन्या सवयीनं चालली. लोकांना वाटलं, फौजी रीत असेल. टाळ्या पडल्या.

"कोणाच्या ध्यानात नाई आलं, बाबा," घरी मी म्हटलं.

"माह्या आलं ना." ते अंगणात येरझारा घालत राहिले. मग थांबून म्हणाले, "मले आणखी एकडाव देतील का, बाई?"

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. मी पायरीवर पाहुणा होऊन उभी राहायची, ते बांबू घेऊन समोरून जायचे. बांबू झुकायचा. पुन्हा कुंपणापासून सुरुवात. मला वैताग यायचा, रडूही यायचं. पावसाळा लागला तरी मनगटं पुरती वठणीवर आली नव्हती.

ऑगस्टमध्ये हेडमास्तरांनी विचारलं, "या वेळीही झेंडा बाबांकडेच ना?"

मी म्हटलं, "त्यांची तब्येत बरी नाही." पुन्हा चूक झाली तर ते खचतील, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मलाच लाज वाटत होती.

पंधरा ऑगस्टला बाबा इस्त्रीचा गणवेश घालून पहाटेपासून तयार होते. बोलावणं आलं नाही. रस्त्याच्या कडेला ते माझ्याशेजारी उभे राहिले. दुसऱ्याच्या हातातला तिरंगा पाहुण्यांसमोरून गेला. बाबांच्या मुठी छातीशी आवळलेल्या होत्या, आणि मनगटं जराही हलली नाहीत.

"पाह्यलं?" ते हळूच म्हणाले. "आज नसता झुकला."