झाडाची काकवी

इथे आखातात, अल नहदातल्या आमच्या सुपरमार्केटमध्ये तो शनिवारी दिसला. पन्नाशीचा, ॲप्रन घट्ट बांधलेला, पुढ्यात अमेरिकन मेपल सिरपच्या बाटल्यांची उतरंड. पॅनकेकचा तुकडा सिरपात बुडवून हातात ठेवायचा आणि खाणाऱ्याच्या तोंडाकडे असा बघायचा, जणू ते सिरप त्यानेच घरी आटवलंय. लोक चाखायचे आणि पुढे जायचे. मॅनेजर बजावून गेला, "आज नहीं बिका, तो कल से काउंटर खलास."

मी चाखून लेकीला म्हटलं, "काकवीसारखं लागतंय गं."

"व्हॉट्स काकवी?" ती म्हणाली.

तो एकदम ताठ झाला. "ताई, काकवीच ही! उसाऐवजी झाडाची, एवढंच. तिकडे एकच घराणं पणजोबांपासून हा रस आटवतंय. कराडला आमचंही गुऱ्हाळ होतं. कढईपाशी घाम गाळलेल्याला कढईवाला ओळखू येतो!"

त्याने पॅनकेक बाजूला सारले, बेकरीतून गरम चपात्या मागवल्या आणि हाळी दिली, "पेड़ का गुड़, हबीबी! यल्ला!"

आता मात्र लोक थांबले. एका पाकिस्तानी टॅक्सीवाल्याला गावाकडची उसाची पातळ राब आठवली, एका अरब आजींना खजूर आटवून केलेलं दिब्स. ज्याला त्याला आपलंच घर आठवत होतं आणि उतरंड बघता बघता खाली येत होती.

मी बिलाच्या रांगेत असताना मॅनेजर परत आला. सिरपवाल्याने रिकामा खोका उलटा केला, त्यावर ढोलकीसारखी थाप मारली आणि म्हणाला, "आपने सही बोला था, सर. खलास!"