मधूने न मागितलेला रविवार

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी लंडनजवळ पिनरच्या घरी बागेतल्या खुर्च्या पुसत होतो. फोन लीड्सहून, मधूच्या बायकोचा, विद्यावहिनींचा. "भावजी, मधू गेला. सकाळी चहा पिता पिता." एवढंच बोलल्या आणि फोन मुलीकडे दिला. पंधरा दिवसांनी तिथल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये शोकसभा झाली. तीस-चाळीस मराठी माणसं, बरीचशी माझ्यासारखीच निवृत्त डॉक्टर मंडळी. सगळे चांगलं बोलले. शेवटी आमच्या एका जुन्या मित्राने बेसबॉलची गोष्ट काढली. "मधू देवमाणूस, पण रुसायचा मात्र लहान पोरासारखा. टीमचा मॅनेजर केला नाही म्हणून यानं ऐन मॅचच्या रविवारी हॉस्पिटलची ऑन-कॉल ड्यूटी मागून घेतली होती." हॉलमध्ये हशा पिकला. प्रेमाचाच हशा होता तो. वहिनीसुद्धा डोळे पुसता पुसता हसल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो. मी हसलो नाही, पण उठून बोललोही नाही.

ती गोष्ट खरी नाही. ती मी सांगितलेली आहे, आणि तीस वर्षांहून जास्त काळ ती माझ्यादेखत सांगितली जात आली आहे... गणपतीच्या जेवणात, कुणाच्या साठीत, आणि आता मधूच्या फोटोसमोर. खरं काय झालं ते मधू गेल्यावर फक्त मलाच माहीत होतं. म्हणून लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मधू आणि मी लीड्सच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञांच्या खात्यात रजिस्ट्रार होतो. तिथे फ्रँक नावाचा एक अमेरिकन डॉक्टर रिसर्चसाठी आला आणि त्याने आम्हा क्रिकेटवाल्यांना धरून बेसबॉलची टीम काढली. मॅनेजरही तोच, म्हणजे कोण कुठे खेळणार ते ठरवणारा. यॉर्कशरमध्ये बेसबॉल, हे ऐकून लोक हसायचे, पण आसपासच्या गावांत अशा हौशी टीम होत्या आणि उन्हाळ्यात दर रविवारी कुणाशी ना कुणाशी सामना व्हायचा. आम्ही जवळजवळ सगळे सामने हरायचो. आमच्यातला कुणी चेंडू छान सरळ बॅटने अडवून बॅट जमिनीला टेकवायचा आणि तिथेच उभा राहायचा. चेंडू लागला की पळावंच लागतं, हे अंगात मुरतच नव्हतं. जे पळत ते बॅट हातात घेऊन पळत. मी स्वतः एकदा फार सुरेख लेग ग्लान्स मारला आणि टाळ्यांची वाट पाहत राहिलो. फ्रँक म्हणाला, मागे गेलेला चेंडू इथे फाउल धरतात.

मधूला हरण्याचं वाईट वाटत नसे, नवल वाटत असे. तो कॅचर होता, म्हणजे बॅट्समनच्या मागे उकिडवा बसून पिचरने फेकलेला प्रत्येक चेंडू झेलणारा. सगळं मैदान समोर दिसतं असा टीममध्ये तो एकटाच. सामना संपला की बाकीचे पबमध्ये शिरायचे आणि हा पार्किंगमध्ये समोरच्या टीमच्या माणसाला गाठून विचारत असायचा की तुमचा तो तिसरा गडी दोन पावलं डावीकडे का सरकला. त्या माणसालाही ते ठाऊक नसायचं. मग दोघं मिळून विचार करायचे.

दुसऱ्या वर्षी मोसमाच्या मध्यात फ्रँक अमेरिकेला परत गेला. डॉक्टरांच्या मेसमध्ये आम्ही जमलो. सगळ्यांचं एकच म्हणणं, नवा मॅनेजर आणू, म्हणजे गाडी रुळावर येईल. कुणी म्हणालं, अमेरिकन एअरबेसवर चिठ्ठी लावू. मधू बराच वेळ बिस्किटं खात ऐकत होता. मग म्हणाला, "मॅनेजर कुणालाही करा रे. पण ऑगस्टला आपल्यातल्या चौघांचे जॉब संपतायत. एक ग्लासगोला, एक कार्डिफला, दोघांचं ठरायचंय. फेब्रुवारीत आलेले ऑगस्टला जाणार, ऑगस्टमध्ये येतील ते पुढच्या फेब्रुवारीत. खेळ समजेपर्यंत माणूस गेलेला असतो. पिचर एकच, त्याचा खांदा गेलाय. कॅचर मी एकटा. उद्या माझं बोट मोडलं तर मागे कोण बसणार?"

"मग काय करायचं म्हणतोस?" मी विचारलं.

"जे कुठेच जाणार नाहीत ते घ्यायचे. पोर्टर, लॉन्ड्रीतले, किचनमधले. डेस बघ, वीस वर्षं इथेच ट्रॉल्या ढकलतोय. त्याचा हात बघितलास कधी? लिफ्टच्या दारातून कपड्यांची भरलेली पिशवी बरोबर लांबच्या टोपलीत टाकतो."

 डॉक्टरांची टीम म्हणून आमचा एक तोरा होता, तो कुणाला सोडवेना. आम्ही हात वर करून मॅनेजर निवडला आणि तो मी निघालो, कारण खात्याचा ऑन-कॉलचा रोटा, म्हणजे ड्यूट्यांचा तक्ता, मीच करायचो आणि याद्या करणं मला जमतं असा समज होता. मधूनेही माझ्यासाठीच हात वर केला होता. हे पुढे कुणाला आठवलं नाही.

टीमसाठी पुढे मी जे काही बरं केलं ते मधूच्याच सांगण्यावरून. डेसला घेतलं. लॉन्ड्रीतली दोन मुलं घेतली. सलग दोन सामने जिंकलो. पण मैदानावर काही अडलं की डेस माझ्याकडे न बघता मधूकडे बघायचा. "डॉक, काय करू?" आणि मधू सांगायचा. त्याच्या ध्यानीमनीही नसायचं की मॅनेजर शेजारी उभा आहे. मी मात्र घरी जाऊन ते आठवत बसायचो. आज लिहिताना फार क्षुल्लक वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

ऑगस्टच्या अखेरीस हल गावच्या टीमशी सामना होता. त्या रविवारी रोट्यावर ऑन-कॉल माझाच होता. आमच्याकडे अदलाबदल करायची तर समोरच्याला विचारून, दोघांच्या सह्या घेऊन करायची असा नियम होता. रोट्यावर सहा जण होते, कुणीही घेतला असता. मी कॉफीरूमबाहेर लावलेला कागद काढला, माझ्या नावावर पांढरं करेक्शन लावलं आणि वर मधूचं नाव लिहिलं. एक सामना त्याच्याशिवाय जिंकून दाखवायचा होता मला. शुक्रवारी थिएटरमध्ये हात धुताना त्याला म्हटलं, "रविवार तुझ्यावर टाकलाय. जरा अडचण आहे." त्याला वाटलं असेल, घरची काही अडचण. "बरं," म्हणाला. मग म्हणाला, "मागे कोण बसणार?" मी म्हटलं, "मी." त्याने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि पाच मिनिटं मला उकिडवं कसं बसायचं ते सांगितलं.

रविवारी व्हॅनमध्ये डेसने विचारलं, "डॉक कुठेय?" खरं सांगतो, खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं... "त्यानेच ऑन-कॉल मागून घेतला." "का?" "मला काय माहीत." पुढे काही बोलावंच लागलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, मॅनेजर नाही ना झाला, आणि व्हॅनमधल्या सगळ्यांना ते पटलं.

आम्ही वाईट हरलो. मला चेंडू झेलता येत नव्हते. मागे जाळीपर्यंत धावत जाऊन ते आणताना मी मोजणं सोडून दिलं. परतीच्या वाटेवर माझ्यावर कुणी रागावलं नाही. सगळा राग मधूवर निघाला आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो.

बुधवारी प्रॅक्टिसला मधू आला. डेस सरळ माणूस, त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "रविवारी तू ड्यूटी मागून घेतलीस म्हणे?" मधूने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ग्लोव्हची दोरी आवळत होतो.  मग मधू म्हणाला, "हो." इतकंच. त्यानंतर तासभर त्याने लॉन्ड्रीतल्या एका मुलाला कॅचरच्या जागी बसायला शिकवलं, आपला मिट, म्हणजे कॅचरचा जाड ग्लोव्ह, त्याला देऊन टाकला, आणि पुन्हा आला नाही. नव्वदच्या दशकात मी लंडनकडे आलो, तो लीड्सलाच राहिला. आमची मैत्री टिकली. फोन व्हायचे, मुलांच्या लग्नांना जाणं-येणं झालं. तो एकदाही त्याबद्दल बोलला नाही आणि मीही नाही.

तो "हो" का म्हणाला, हे कोडं मला इतकी वर्षं सुटलेलं नाही. नियम मोडून रोटा बदलला हे वर कळलं असतं तर माझी नोकरी अडचणीत आली असती, म्हणून? सगळ्यांसमोर मला उघडं पाडणं त्याला प्रशस्त वाटलं नाही, म्हणून? की माझ्याकडे बघितल्यावर त्याला माझा कंटाळाच आला? विचारायला तीस वर्षं होती.

शोकसभेनंतर आठवड्याने मी पुन्हा लीड्सला गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या.  मग म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं त्याला उगाच चिडवलं. कुठे जायला नाही म्हणाला की म्हणायचे, बघा, आले आमचे रुसलेले मॅनेजर. मलासुद्धा नाही सांगितलं त्याने." मी म्हटलं, "वहिनी, चूक माझी आहे." "ती आहेच. पण चिडवलं मी. त्याचं आता काय करू, सांगा."

 मी माझंच कोडं त्यांच्यापुढे ठेवलं, तो "हो" का म्हणाला असेल. त्यांनी खांदे उडवले. "भांडणात त्याला इंटरेस्टच नव्हता, भावजी. तुमची टीम का हरते, त्यात होता." आणि मग म्हणाल्या, "मला एकटीला सांगून मोकळे होऊ नका. हॉलमध्ये हसले त्या सगळ्यांना कळू दे. नावानिशी लिहा."

निघताना त्यांनी मला वर नेलं. जिन्याच्या वळणावर खिडकीशी एक खुर्ची आहे. खाली शाळेचं मैदान दिसतं. निवृत्तीनंतर मधू दुपारी तिथे बसून मुलींचा राउंडर्स हा बेसबॉलसारखाच खेळ बघायचा, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशीही खेळ चालू होता. "मला यातलं काही कळत नाही," वहिनी म्हणाल्या. "तो गेल्यापासून मी बसते इथे. ती लांबची मुलगी बघा, तिच्याकडे एकदाही चेंडू येत नाही. तिला तिथे का उभं केलंय?" मी चष्मा सारखा केला आणि समजावून सांगायला लागलो. दोन वाक्यांनंतर त्यांनी मला थांबवलं.

"असं नाही. तो आधी मला विचारायचा, तुला काय वाटतं?"

 मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?"

त्या खुर्चीत बसल्या, कपाळ काचेला टेकवलं, आणि त्या मुलीकडे बघायला लागल्या.