वसुबारसेला गाईच्या तोंडाला मुसकं

मुलांनो,

तुमच्या अंगणातलं गवत यंत्रानं कापून तुम्ही पिशव्यांत भरून टाकून देता, हे तुम्ही मला व्हिडिओवर दाखवलंत. इथे त्याचे पैसे आले असते, असं मी म्हणाले तेव्हा तुम्ही हसलात. मी गंमत करत नव्हते. गवताचा बाजार कसा चालतो ते एकदा नीट लिहून कळवते.

आमच्या कॉलनीच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली, एक बाई रोज सकाळी घास विकायला बसते. घास म्हणजे लसूणघास. पान मेथीसारखं, फूल जांभळं. तुमच्याकडे त्याला अल्फाल्फा म्हणतात. एकदा पेरला की दोन-तीन वर्षं पुन्हा पुन्हा कापता येतो. तिच्या भावाचं गंगापूर रस्त्याला शेत आहे, तिथून टेम्पोनं येतो. शेजारी तिची गाय बांधलेली असते. कामावर निघालेली माणसं स्कूटर थांबवतात, पेंडी विकत घेतात, गाईपुढे टाकतात आणि नमस्कार करून जातात. तुमचे आजोबा म्हणायचे, "गिऱ्हाइकानं पैसे देऊन दुकानदाराची गाय पोसायची, अशा धंद्याला मी बँकेत असतो तर डोळे मिटून कर्ज दिलं असतं."

पेंडी दहा रुपयांची, बारा महिने दहाचीच. बदलते ती तिची जाडी. पावसाळ्यात बांधावर फुकटचं गवत असतं, खेड्यात घास कुणी विकत घेत नाही, म्हणून शहरात येणारी पेंडी मनगटाएवढी असते. थंडीतही बरी असते. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की ती दोन बोटांवर येते. त्यात गेली काही वर्षं बकरी ईद उन्हाळ्यातच येते आहे. घरोघरी बोकड असतात, त्यामुळे त्या दिवसांत घास सकाळीच संपतो आणि रोजच्या गिऱ्हाइकांना कडब्यावर भागवावं लागतं. कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं. तो ज्वारी निघाल्यावर स्वस्त आणि ज्येष्ठात महाग, म्हणून ज्याच्याकडे जागा आहे तो आधीच गंज रचून ठेवतो.

उन्हाळ्यात तू सरळ पंधरा रुपये का करत नाहीस, असं मी तिला एकदा विचारलं.

"आजी, धाचं कुणी इचारत नाय. पंधरा म्हणलं की घासाघीस करत बसतेत. पेंडी कोण मोजून बघतंय?"

तिच्या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे वसुबारस, दिवाळीचा पहिला दिवस. त्या दिवशी बायका गाय-वासराची पूजा करतात, गहू आणि दूध खात नाहीत, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करतात. फ्लॅटमधल्या बायकांना गाय-वासरू मिळणार कुठे? सगळी कॉलनी तिच्याकडे येते. दोन वर्षांपूर्वी प्रत्येकीनं हिरवागार घास गाईला भरवला. ओला घास जास्त झाला की जनावराचं पोट वाऱ्यानं फुगतं. संध्याकाळी ती गाय डावी कूस ढोलासारखी ताठ करून आडवी पडली. डॉक्टर आले, तेल पाजलं, नळी घातली, तेव्हा कुठे वाचली. घरात दुसरं दुभतं जनावर नाही. दुधावर तिच्या लेकीचा कॉलेजचा खर्च चालतो.

गेल्या वर्षी वसुबारसेला मी पूजेचं ताट घेऊन खाली गेले, तर गाय अंघोळ घालून, कुंकू लावून, झेंडूची माळ घालून उभी होती, शेजारी वासरू होतं आणि गाईच्या तोंडाला मुसकं बांधलेलं होतं. मळणीत बैलांनी धान्य खाऊ नये म्हणून बांधतात ती दोरीची जाळी.

"अगं, हे काय?"

"काय करू, आजी? गाय नाय आणली तर घास कोण घेणार? आणली तर लोकं चारून चारून मारतेत."

तेवढ्यात मागच्या इमारतीतल्या एक बाई आल्या. पैठणी, नथ, चांदीचं ताट.

"आजच्या दिवशी गाईचं तोंड बांधता, मावशी? पाप लागेल!"

"पोट फुगून मेली तर ते पाप कुणाच्या नावावर टाकू, वैनी?"

"दोन काड्यांनी काय होतंय?"

"तुमच्या दोनच. मागं किती जणी उभ्या हैत, बघा की."

"मग घास घेऊन आम्ही करायचं काय?"

"देवाला निवद दावता ना? देव ताट चाटूनपुसून खातो व्हय? तोंडाला लावा अन् टोपल्यात ठेवा."

"नैवेद्य नंतर आपण खातो. हा घासही आम्हीच खायचा का?"

"गवारीपेक्षा बरा लागेल," मी म्हणाले. रांगेतल्या सगळ्या हसल्या, त्या मात्र हसल्या नाहीत. ताट उचलून त्या क्रांती चौकाकडच्या गाईकडे निघाल्या, त्यांच्या मागे आणखी पाच-सहा जणी गेल्या. घासवाली त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. पेंड्यांचा अख्खा टेम्पो उतरवून घेतलेला होता. मी पहिली पेंडी घेतली, मुसक्याला लावली, टोपल्यात ठेवली. मग मागच्या बायका एकेक पुढे आल्या. दुपारी तिनं मुसकं काढून पाणी पाजलं, थोडा कडबा घातला आणि ते पुन्हा बांधलं.

उन्हं कलल्यावर पैठणीवाल्या बाई परत आल्या. घाम आलेला, ताटातलं हळदकुंकू एक झालेलं.

"काय झालं, वैनी?"

"त्या गाईनं तोंड फिरवलं. सकाळपासून खाऊन खाऊन तिला घासाचा वाससुद्धा नको झालाय. माझ्या घासाला नाही म्हणाली, वर्षाच्या सणाला!"

"हिला नाही म्हणता येत नाय," घासवाली म्हणाली. "तोंड बांधलंय."

त्यांनी एक सोडून तीन पेंड्या घेतल्या.

अंधार पडायच्या आधी पलीकडच्या गल्लीतले शेळ्या पाळणारे चाचा उरलेला घास घ्यायला आले. रोजचा त्यांचा रिवाज आहे, अर्ध्या भावात नेतात.

"मावशी, आज आमच्या बकऱ्यांचीबी दिवाळी! पण गाईनं तोंड लावलेला माल आहे. भाव कमी करा."

"तोंड लागलंच नाय, चाचा. मधे मुसकं व्हतं."

"या अल्ला," म्हणत त्यांनी रोजचाच भाव दिला आणि टोपली सायकलला बांधली.

मग तिनं मुसकं सोडलं आणि गाईच्या डाव्या कुशीवर तळवा दाबून धरला. मला म्हणाली, "आजी, तुम्हीबी बघा." मीही हात ठेवला. कूस मऊ होती, दाबली की आत जात होती. वासरू सोडलं तसं ते आचळाला लागलं. गाय जरा वेळ उभी राहिली, मग बसली आणि रवंथ करू लागली.