उजवा की डावा

"उजवा द्या, न्हाईतर डावा द्या! पर कायतरी द्या की, सायेब!"

आमचे आबा, म्हणजे वडील, शाळेच्या वर्गात असे गरजले, की भोरच्या बाजारातल्या कोंबड्यांनी पुढे आठवडाभर अंडी घातली नाहीत म्हणतात. टेबलावर त्यांनी नारळ ठेवला होता, शेजारी आंबेमोहराची पुरचुंडी. आमच्या पासलीत नड आली की गावदेवीच्या अंगाला कळ्या चिकटवून कौल लावतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. यंदा देवीने कळीच सोडली नव्हती. तेवढ्यात पोरांना कामधंद्याचा सल्ला द्यायला पुण्याहून एक साहेब माझ्या भोरच्या शाळेत आल्याचं कळलं आणि आबांनी देवीचा नारळ उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

भोरला वसतिगृहात राहून मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास झालो होतो. आता मास्तरकीचं शिकायचं, की मामाच्या ओळखीने पुण्यात कारखान्यात चिकटायचं? मामा शनिवारी उत्तर न्यायला येणार होता.

साहेब म्हणाले, "काका, मी कौल देत नसतो. हा त्याच्या गोष्टी सांगेल. त्यातून त्याची वाट आम्ही दोघं मिळून घडवू."

"ह्येच्या गोष्टी? अवो, लई थापाड्या हाय त्यो! त्या वाटंनं गेला तर थेट कानंदी नदीत पडंल!"

मी सुरू झालो. पुरात म्हैस खांद्यावर घेऊन कानंदी पोहून आलो. बिबट्याला असा दरडावला, की बिचारा पंजे जोडून खाली बसला. साहेबांनी एकदाही 'छे' म्हटलं नाही. फक्त विचारलं, "हे बघायला कोण होतं?"

"आमच्या आळीतली पोरं. बांधावर बसलेली."

"दर वेळी?"

"म्हणजे काय! पोरं नसतील तर म्हैस उचलायची कशाला?"

"मग आता तूच सांग, काय व्हायचंय?"

मी गडबडलो. "पण साहेब, म्हैस खोटी आहे."

"असू दे. पोरं खरी आहेत ना?"

माझ्या डोक्याचं पार भरीत झालं. खोट्या म्हशीतून खरी नोकरी निघत असेल, तर मग दूधही निघायला हवं होतं! आबा तर साहेबांच्या टेबलाखालीही वाकून बघून आले. न जाणो, एखादी कळी पडली असेल.

साहेबांनी तांदूळ नाही, नारळही नाही, काहीच ठेवून घेतलं नाही. एसटीत आबा नारळ मांडीवर घेऊन बसले होते. विंझर आलं तेव्हा म्हणाले, "मंग?"

"मास्तर," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. ते मी ठरवलं, साहेबांनी काढून घेतलं की म्हशीने, हे पुढे जन्मभर खडू झिजवूनही मला उमगलेलं नाही.

घरी आई दारातच उभी होती. "आला का कौल?"

"मास्तर व्हनार म्हनतोय," आबा म्हणाले.

"कुनी सांगितलं ह्येला, मास्तर हो म्हून?"

आबांनी नारळ खाली ठेवला.

"कुनीच न्हाई."