सुखदेवची गोड विहीर

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती. चाळीस वर्षांचा संसार, तिच्यापासून मी विडी लपवली नाही, माझा चिडका स्वभाव तर लपण्यासारखा नव्हताच — हे मात्र लपवलं. ती गेली. आता तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

मी मास्तर होतो. शेलूबाजारपासून चार-पाच मैलांवरच्या एका गावात, सातवीपर्यंतच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं अजून माणसं राहतात. वाशीम तेव्हा जिल्हा व्हायचा होता. बहात्तरचा दुष्काळ होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि कपाशीवर फवारायचं औषध आमच्याकडे नवीनच आलं होतं. लोक त्याला औषध म्हणायचे. मीही म्हणायचो. बाजारातून विकत आणलेल्या वस्तूला विष कोण म्हणेल?

फवारणी झाली की पंप नाल्यात धुवायचा, ही पद्धत. रिकामा डबा मात्र कुणी टाकून देत नसे. पत्र्याचा, फिरकीच्या झाकणाचा, वर धरायला कडी — इतका मजबूत डबा गावात दुसरा मिळत नव्हता. राखेनं घासायचा, सोड्याच्या पाण्यानं धुवायचा, दोन दिवस उन्हात उपडा घालायचा. वास गेला की डबा घरात. कुणी त्यात रॉकेल ठेवी, कुणी गोडं तेल, कुणी त्यातूनच शेतावर प्यायचं पाणी नेई.

एका भाद्रपदात नाल्यातले मासे उलटे होऊन तरंगले. त्याच आठवड्यात दोन म्हशी नाल्यावर पाणी पिऊन आल्या आणि गोठ्यात पडल्या त्या उठल्या नाहीत. तिथून मी कामाला लागलो. वर्गात शिकवलं, पोरांची प्रभातफेरी काढली, पारावर उभा राहून सांगितलं — पंप नाल्यात धुऊ नका, डबे ठेचून पुरा. लोक ऐकत आणि हसत. ‘मास्तरले कपाशीतलं काय समजते?’ असं माझ्या समोरच म्हणत. मला फार लागायचं ते. मी तिशीतला होतो, आणि आपल्याला कुणी हसू नये ही माझी जुनी खोड.

मग मी एक युक्ती काढली. बायकोकडून लोणच्याच्या काचेच्या बरण्या मागून घेतल्या. मुलं आपापल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणायची, ते बरणीत ओतायचं आणि नाल्याच्या वरच्या अंगाचे, चांगल्या पाण्यातले बोटभर मासे त्यात सोडायचे. मासा संध्याकाळपर्यंत जगला तर पाणी बरं. यात काही मोठं विज्ञान नव्हतं. पण मुलांना गोडी लागली, आणि मुलांच्या मागून त्यांच्या आयाही वर्गाच्या खिडकीशी येऊन बघू लागल्या. फक्त एक अडचण होती — मासे मरत नव्हते. सगळ्या विहिरी चांगल्या निघत होत्या. मी थोडा खट्टू झालो होतो, हेही लिहून टाकतो.

नाल्यापलीकडे सुखदेवची भाजीची वाडी होती. वांगी, मिरच्या, मेथी. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात त्याचा माल सगळ्यात आधी संपायचा. त्याची विहीर गोड. दुष्काळात गावातल्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला, तेव्हा या एकाच विहिरीवर पाळी लावून आख्ख्या गावानं पाणी भरलं होतं, आणि सुखदेवनं स्वतःची वांगी वाळू दिली होती. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. पण वांग्यावर तोही औषध मारत होता, आणि पंप विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी पडतं तिथंच, धुवायचा, हे त्यानंच मला सरळपणे सांगितलं होतं. म्हणून त्या पाण्याची परीक्षा करायला मी स्वतः सायकलवर गेलो.

वाटेत बाटली फुटली. नाल्याच्या दगडावर सायकल आदळली आणि पिशवीतल्या बाटलीच्या काचा झाल्या. हँडलला माझा डबा होता — अनसिंगला माझी सासुरवाडी, तिथून आणलेला. राखेनं घासलेला, उन्हात वाळवलेला, वास नसलेला. होय, तसलाच डबा. गावाला ‘ठेचून पुरा’ म्हणून सांगणारा मी, मला तो डबा आवडला होता. त्यात मी घरचं रॉकेल आणणार होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — दुसरं काय? सुखदेवच्या विहिरीचं पाणी मी त्या डब्यात भरलं.

तासाभरात मासे मेले.

आता वाटतं, तेव्हाच कसं लक्षात आलं नाही? खरंच आलं नाही. इथवर ती चूक होती. माणसाकडून चूक होते. मी लिहायला बसलो आहे ते या चुकीबद्दल नाही.

बरणी तशीच उचलून मी पारावर नेली. गाव गोळा झालं. ज्या विहिरीनं दुष्काळात सगळ्यांना जगवलं तिच्याच पाण्यात मासे मरतात, हे पाहून लोकांचे चेहरे उतरले. त्या दिवशी कुणी हसलं नाही. आठ दिवसांत गावानं खड्डा खणला, घराघरातले डबे ठेचून त्यात टाकले. नाल्यात पंप धुताना कुणी दिसला तर बायकाच त्याला हाकलू लागल्या. मी चार वर्षं सांगत राहिलो असतो तरी हे झालं नसतं. आणि सुखदेवच्या वांग्यांना बाजारात कुणी हात लावेना.

दिवाळीच्या सुटीनंतरची गोष्ट. एक दिवस मधल्या सुटीत मी शाळेच्या कपाटात तसाच राहिलेल्या त्याच डब्यातून शाळेच्या विहिरीचं पाणी आणलं, बरणीत ओतलं आणि मासे सोडले. शाळेची विहीर — तिचं पाणी रोज सव्वाशे पोरं पीत होती. मासे माझ्यासमोर आडवे झाले. वर्गात मी एकटाच होतो. मी डब्याकडे बघत बसलो. मग रविवारी नवी काचेची बाटली घेऊन सुखदेवच्या विहिरीवर गेलो. त्या पाण्यात मासे दोन दिवस पोहत राहिले. तिसऱ्या दिवशी मीच ते नाल्यात सोडून आलो. डबा मी ठेचला आणि गावाच्या खड्ड्यात टाकला, माझ्याच शिकवणीप्रमाणे.

म्हणजे मला कळलं होतं. पुरतं कळलं होतं. आणि मी गप्प बसलो.

का? नंतर मी स्वतःला एक उत्तर शिकवलं — खरं सांगितलं तर गाव पुन्हा नाल्यात पंप धुवायला लागेल, एका विहिरीपायी सगळं पाणी नासेल. ऐकायला बरं वाटतं ना? पण हे उत्तर मला वर्षभरानं सुचलं. त्या आठवड्यात मनात एकच होतं : हसतील. विष शोधायला निघालेला मास्तर विषाच्याच डब्यात पाणी आणतो, म्हणतील. वाशीमहून साहेब येऊन माझा सत्कार करणार होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी मूठ आवळून बसलो. सत्कार झाला. मी नारळ घेतला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ म्हटलं असतं, भित्रा होता. पण एका दुपारी सुखदेवची बायको शाळेत आली. तिच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. भांडायला आली नव्हती, ओट्याच्या खालीच उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, आमी पाच जनं रोज हेच पानी पेतो. लेकरं बी पेतात. मंग आमाले काहून काही होऊन नाही राह्यलं?”

साऱ्या गावात एवढा शहाणा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मला पडायला हवा होता, तो तिला पडला. तिला फक्त एक शब्द हवा होता माझ्याकडून. मी म्हणालो, “विष हळूहळू भिनतं, वहिनी. आज नाही कळत.”

तिनं तांब्या लिंबाखाली ओतला आणि गेली. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता — मी पाहिला तो. ही चूक नव्हती. घाबरलेल्या आईला मी जाणूनबुजून आणखी घाबरवलं, माझी लाज झाकायला. हे मला सांगायचं होतं.

माघात सुखदेव माझ्याकडे आला. म्हणाला, “गुरुजी, लेकरं हाय घरात. चुकून पेलं एखाद्यानं तं? बुजूनच टाकतो. तुमी काय म्हनता?”

त्यानं मला विचारलं, बरं का. त्याच्या आजोबांनी खणलेली विहीर, आणि ती बुजवू का म्हणून तो मला विचारत होता. मी म्हणालो, “बरं करशील.”

बैलबंडीनं आधी धोंडे आणि मग मुरूम टाकायला त्याला पाच दिवस लागले. दुसऱ्या दिवशी मी तिकडून गेलो. तो घामाघूम झाला होता. मला पाहून थांबला, पंच्यानं तोंड पुसलं, नमस्कार केला. पाणी अजून वरपर्यंत दिसत होतं. इतकं नितळ होतं की टाकलेले धोंडे खाली जाताना दिसत होते.

वाडी वाळली. पुढच्या वर्षी तो बायको-पोरांना घेऊन वाशीमजवळ दुसऱ्याच्या बागेत कामाला गेला. नाला मात्र सुधारला. मासे परत आले, आणि आजूबाजूच्या गावांतून लोक आमचा खड्डा बघायला येत. माझं नाव झालं.

सुखदेव त्यानंतर मला वाशीमच्या बाजारात पाच-सहा वेळा तरी भेटला असेल. दर वेळी वाकून पायाला हात लावायचा. दर वेळी तेच म्हणायचा — “गुरुजी, तुमच्यामुळं माहे लेकरं वाचले.” शेवटी भेटला तेव्हा तो म्हातारा झाला होता, वाकताना त्याला माझ्या हाताचा आधार घ्यावा लागला. मी आधार दिला. “असू दे, सुखदेव,” म्हणालो, आणि त्याला वाकू दिलं.