टिटवीची अंडी हलवली त्याची गोष्ट

उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोल्याहून गावी, बार्शीटाकळीकडे गेलो, की रोज सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून मी तलावावर हजर. गावाला वाटे, मास्तर उन्हानं बिघडला. वाटू दे, बाप्पा! आटत्या पाण्याकाठी चमचे, बगळे, शेकाटे असे पक्षी दाटीनं उभे असत आणि मला कुणाच्या बापाची पर्वा नसे.

त्या वर्षी टिटवीनं पाण्यापासून चार हातांवर अंडी घातली. खड्यांत खड्यांसारखी चार अंडी! आणि गावच्या म्हशी नेमक्या तिथूनच पाण्यात उतरायच्या. माझ्यातला पक्षिमित्र उसळला. दोन दिवस थोडी थोडी सरकवत मी ती अंडी पार वर, तलावाच्या पाळीवर नेली. टिटवीनं दर खेपेला डोक्यावर घिरट्या घालून माझ्या सात पिढ्या उद्धारल्या, पण जाऊन बसली बिचारी.

गावची शेती बघणारे माझे काका तेव्हा अकोटला लग्नाला गेले होते. तिसऱ्या दिवशी आले, तलावावर चक्कर मारली आणि धावतच घरी परतले.

"पाळीवर हायेत अंडी! भल्ला पाऊस पडन औंदा!"

टिटवी पाण्याजवळ बसली तर पाऊस कमी, उंचावर बसली तर तलाव भरणार, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मलाच तेवढं आठवलं नाही. शिकलेला ना मी!

काकांनी कपाशीच्या बियाण्याची पिशवी अंगणात ओढली. पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत बी टाकायचं ठरवून टाकलं त्यांनी. मागच्या वर्षी असंच टाकलेलं बी पावसानं दडी मारल्यावर मातीतच जळालं होतं. या खेपेला दुसऱ्यांदा पेरायला घरात बी नव्हतं. ही एकच पिशवी.

मी पिशवीवर हात ठेवला. "काका, अंडी मी नेली वर. म्हशी तुडवत होत्या."

"तू?"

"हाव."

"टिटवीच्या कामात तुनं काहून बोटं घातली बे? मोठा आला दुर्बीणवाला! चाल, जिथची तिथं ठेव."

पुन्हा तलाव, पुन्हा टिटवीच्या शिव्या. मी अंडी उचलून काकांच्याच ओंजळीत दिली. म्हशींच्या पायाखाली द्यायची तर त्यांनीच द्यावी, एवढा राग आला होता मला. काका सांभाळून उतार उतरू लागले आणि अर्ध्यात थांबले. खाली पाण्याकडे पाहिलं, वर पाळीकडे पाहिलं. मग खाली बसून त्यांनी हातानं खडे बाजूला केले आणि तिथंच एकेक अंडं ठेवलं.

"काका, जागा तर खाली होती."

"मालूम हाय मले. बी आता पाऊस आल्यावरच टाकतो." ते उठले. टिटवी कुठं बसते ते बघत राहिले. "पण मले लय नको, लेका. मधला पाऊस बी चालते."